वाकड्या, जुळ्या आणि पारंब्यांच्या झाडांची मापं कशी घ्यावीत : सोलापुरातल्या नवशिक्यांसाठी

गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मी पंधरा वर्षं मापं घेते. छाती, कंबर, बाही, उंची. त्यामुळे गावाकडच्या वडाचा घेर मोजायला काय अक्कल लागते, असं मला वाटलं होतं. पहिल्याच दिवशी एका वडाचे तीन आकडे घेऊन घरी आले : ६ मीटर १०, ७ मीटर ४५ आणि ९ मीटरच्या वर काहीतरी. टेप तोच, हात तोच. तिन्ही मापं खरी होती, फक्त तीन वेगळ्या ठिकाणची होती, आणि कुठली कुठं घेतली ते मी लिहिलंच नव्हतं. दोन रविवार वाया गेले.

सरळसोट निलगिरी कुणीही मोजेल. आपल्याकडची जुनी झाडं मात्र तशी नसतात. कडुनिंब कमरेइतक्या उंचीवर तीन फांद्यांत फुटतो, चिंच आतून पोकळ असते, पिंपळानं अर्धा पार गिळलेला असतो, आणि वडाचं मूळ खोड कुठलं हे गावातल्या म्हाताऱ्यांनाही सांगता येत नाही. हा लेख अशाच झाडांसाठी आहे.

मोजायचं काय असतं?

तीन गोष्टी : बुंध्याचा घेर, उंची आणि विस्तार, म्हणजे फांद्यांचा पसारा. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याचे वनाधिकारी फ्रेड बेस्ली यांनी १९२५ मध्ये मोठ्या झाडांची स्पर्धा घेतली आणि या तिन्ही मापांना एकत्र गुण द्यायची रीत बसवली. १९४० मध्ये ‘अमेरिकन फॉरेस्ट्स’ या संस्थेनं त्याच धर्तीवर देशभराची यादी सुरू केली. हिशेब सोपा आहे : घेर जितके इंच तितके गुण, उंची जितके फूट तितके गुण, आणि सरासरी विस्ताराच्या फुटांचा चौथा हिस्सा.

समजा एका कडुनिंबाचा घेर ४.८० मीटर, उंची १३ मीटर, सरासरी विस्तार १८ मीटर आहे. म्हणजे १८९ अधिक ४३ अधिक १५, एकूण २४७ गुण. यात घेराचं वजन किती आहे ते बघा. घेरात २५ सेंटिमीटरची चूक झाली की दहा गुण इकडचे तिकडे होतात. तेवढेच गुण उंचीत चुकवायचे तर तब्बल ३ मीटर चुकावं लागतं. म्हणून या लेखात घेराचा भाग सर्वांत लांबला आहे.

घेर मोजायची उंची आपल्या वनखात्याच्या पद्धतीत १.३७ मीटर, म्हणजे साडेचार फूट. तिला छातीउंची म्हणतात. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर साधारण पाचवीतल्या पोराची पूर्ण उंची. युरोपात बहुतेक ठिकाणी १.३० मीटर धरतात. बाहेरच्या एखाद्या झाडाशी तुलना करणार असाल तर ते माप कुठल्या उंचीचं आहे ते आधी बघा.

सोबत काय न्यायचं

- ३० मीटरचा फायबरचा टेप. शिवणकामाचा टेप नको. तो दीड मीटरचा असतो आणि वापरून वापरून ताणलेला असतो.
- १.३७ मीटरवर खूण केलेली सरळ काठी.
- ओळंबा. गवंड्याचा असला तर उत्तम, नाहीतर सुताला नट बांधा.
- खडू, सुतळी, चार-आठ विटांचे तुकडे.
- कोनमापक, शरबताची नळी, सूत आणि नट (उंचीसाठी, पुढे सांगते).
- जीपीएस असलेला मोबाईल, वही, पेन्सिल. उन्हात घाम वहीवर पडतो, पेनाची शाई फुटते.
- एक माणूस. एकटीनं मोठ्या झाडाचा घेर नीट घेता येत नाही, मी करून पाहिलंय.

कागद कुठले? झाड खासगी रानात असेल तर गट क्रमांक आणि मालकाची लेखी संमती. गावठाणात किंवा देवळाच्या जागेत असेल तर ग्रामपंचायतीला किंवा देवस्थानाच्या विश्वस्तांना दिलेल्या पत्राची पोच. एवढ्यावर भागतं.

## १. आधी माणसं, मग झाड

टेप काढला की दहा मिनिटांत कुणीतरी येतं आणि पहिला प्रश्न ठरलेला : “का वो ताई, तोडनार हाय का झाड?” रस्ता रुंदीकरणात आधी माणसं येतात, टेप लावतात, बुंध्यावर आकडा रंगवतात आणि मग झाड जातं. हे लोकांनी पाहिलेलं आहे, त्यामुळे संशय रास्त आहे. आधी पारावर बसा, पाणी मागा, काय करताय ते सांगा. अक्कलकोटच्या बाजूला कानडी बोलणारं कुणी सोबत असलं की काम निम्मं होतं. बुंध्यावर रंग लावू नका, खिळा तर मुळीच ठोकू नका. खडू पुरतो.

पार देवाचा असेल तर चप्पल खाली. आणि टेप लावण्याआधी वर बघा. वडापिंपळावर आग्यामोहोळ असलं तर त्या दिवशी परत फिरा. ढोलीत हात घालू नका. आत पिंगळा असला तर तो उडून जाईल, साप असला तर तो जाईलच असं नाही.

## २. जमीन कुठली ते ठरवा

१.३७ मीटर मोजायचे, पण कुठून? सपाट रानात प्रश्न येत नाही. बांधावरच्या किंवा ओढ्याकाठच्या झाडाला एका बाजूची जमीन दुसऱ्या बाजूपेक्षा हातभर खाली असते. आपल्या वनखात्याची रीत अशी की चढाच्या बाजूनं, म्हणजे उंच जमिनीवरून मोजायचं. अमेरिकेतले मोजणारे वरच्या आणि खालच्या जमिनीचा मध्य धरतात. मी पहिली रीत वापरते आणि तसं लिहिते.

खरी अडचण पाराची. पारात माती भरलेली असते, त्यामुळे बुंध्याचा खालचा भाग गाडला गेलेला असतो. पारावरून १.३७ मीटर मोजले तर प्रत्यक्षात तुम्ही मूळ जमिनीपासून दोन-अडीच मीटरवर असता, आणि पारावरच्या मुळांच्या फुगवट्यामुळे माप भलतंच येऊ शकतं. यावर माझा उपाय सरळ आहे : माप पारावरच्या मातीपासून घ्या, पाराची उंची वेगळी मोजा, आणि दोन्ही आकडे लिहा. पार कधी बांधला हे गावात कुणाला आठवत असेल तर तेही लिहून घ्या.

## ३. हे झाड एक आहे की दोन?

सर्वांत जास्त फसवणूक इथं होते, आणि बहुतेक वेळा माणूस स्वतःचीच करतो. तीन खोडं शेजारीशेजारी उभी आहेत, प्रत्येकाचा घेर दीड मीटर. तिन्हींभोवती एकदम टेप गुंडाळला, मधल्या फटीही आत आल्या, की साडेतीन मीटरचं ‘झाड’ तयार होतं. आकडा मोठा दिसतो म्हणून सोडवत नाही.

पारख अशी : प्रत्येक खोडाच्या गाभ्याची रेघ मनातल्या मनात खाली ओढा. सगळ्या रेघा जमिनीच्या वर एकत्र येत असतील तर झाड एक. जमिनीखाली येत असतील तर झाडं वेगळी धरा, आणि त्यातलं सर्वांत जाड खोड एकटंच मोजा. दोन खोडांच्या सांध्यावर साल आत दुमडून खोल रेघ जमिनीपर्यंत गेलेली दिसली तर बहुधा ती दोन झाडं चिकटलेली असतात. कडुनिंब तोडल्यावर बुडख्यातून फुटलेले धुमारे मोठे झाले की नेमकं असंच दिसतं.

कानडी-तेलुगू मुलुखाला लागून असल्यामुळे आपल्याकडेही पिंपळ आणि कडुनिंबाची जोडी एका पारावर दिसते. खोडं एकमेकांत गेलेली असली तरी त्यांचं एकत्र माप कुठल्याच यादीत बसत नाही. ज्याचं जितकं वेगळं मोजता येईल तितकं मोजा. काही वेळा पक्ष्यांनी टाकलेल्या बीमधून पिंपळ दुसऱ्या झाडावर रुजतो आणि त्याची मुळं खालच्या झाडाला जाळीसारखी कवटाळून बसतात. तेव्हा बाहेरचा घेर पिंपळाचाही नसतो आणि आतल्या झाडाचाही नसतो. फोटो काढा, माप सोडून द्या.

## ४. घेर

टेप खोडाला काटकोनात, घट्ट पण ताण न देता. कापडावर आम्ही एक बोट आत घालून ढील देतो. इथं ढील द्यायची नाही आणि खेचायचंही नाही. मागच्या बाजूनं टेप घसरून खाली येतो, म्हणून दुसऱ्या माणसानं फिरून बघायचं. टेप तिरका झाला की घेर नेहमी जास्तच येतो, कमी कधीच येत नाही. तीनदा मोजा आणि मधला आकडा घ्या.

आता अडचणीची खोडं.

कललेलं झाड. १.३७ मीटर ही लांबी खोडाच्या बाजूनं मोजा, हवेत सरळ उभी नाही. टेपही खोडाला काटकोनात, म्हणजे जमिनीच्या हिशेबानं तो तिरका दिसेल. नवशिके इथं जमिनीशी समांतर टेप धरतात आणि काकडी तिरकी कापावी तसं लांबट माप घेऊन येतात.

छातीउंचीवर गाठ किंवा फुगवटा. गाठीवर मोजायचं नाही. गाठ संपते तिथं, शक्य तितकं जवळ, वर किंवा खाली सरका. दोन्हीकडे सारखंच सरकता येत असेल तर वर आणि खाली समान अंतरावर दोन मापं घेऊन सरासरी काढा.

छातीउंचीच्या आधीच फुटलेलं झाड. फांद्या जिथं फुटतात त्याच्या खाली जो सर्वांत बारीक भाग असेल तिथला घेर घ्या, आणि ती जागा जमिनीपासून किती उंचीवर आहे ते लिहा. फाट्यालगतचं खोड नेहमी फुगलेलं असतं, तिथं मोहात पडू नका.

आधारमुळं. काटेसावरीच्या बुंध्याला पंखांसारख्या भिंती फुटतात. त्या १.३७ मीटरच्या वर गेल्या असतील तर त्या जिथं संपतात त्याच्या लगेच वर मोजा.

खाचा आणि ढोली. जुन्या चिंचेचं खोड घड्या घातलेल्या कापडासारखं असतं. टेप घडीच्या टोकावरून टोकावर सरळ न्यायचा, खाचेत दाबायचा नाही. ढोलीचं तोंड मध्ये आलं तरी टेप त्याच्या समोरून तसाच पुढे. फक्त ‘ढोलीचं तोंड इतकं रुंद’ ही नोंद करा, म्हणजे पुढच्या वेळी तोंड वाढल्यामुळे आकडा वाढला की झाड वाढल्यामुळे, ते कळेल.

गुळवेल. टेप वेलीच्या खालून सरकवा. वेल तोडू नका.

वटपौर्णिमेचं सूत. याची मला स्वतःलाच लाज वाटली. ज्या वडाला मी लग्नानंतर सात-आठ वर्षं फेऱ्या घातल्या, त्याच वडाचा घेर घ्यायला गेले, तर बरोबर छातीउंचीवर सुताचा जाड थर. वरचं सूत पांढरं, खालचं काळं पडून सालीत रुतलेलं. तो थर धरून माप घेतलं तर १२ सेंटिमीटर जास्त येत होतं. कापायचा प्रश्नच नव्हता, बघणाऱ्या बायकांनी टेपसकट मला घालवलं असतं. सुताच्या वर हातभर सरकून माप घेतलं आणि उंची लिहिली. तुम्हीही तसंच करा. माप श्रावणात न घेता वटपौर्णिमेच्या आधी घेतलं तर निदान नवा थर तरी टळतो.

## ५. वड : बुंधा की पारंब्या?

वडाला वेगळा नियम हवा, कारण पारंबी जमिनीत रुजली की तीच खोड होते. कोलकात्याजवळच्या शिबपूर वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचं मूळ खोड बुरशी लागल्यामुळे १९२५ मध्ये कापून काढावं लागलं. झाड अजून जिवंत आहे आणि पसरतंच आहे. आंध्रातल्या थिम्मम्मा मर्रीमानु या वडाची १९८९ मध्ये गिनीज बुकात नोंद झाली, तीही घेराची नसून विस्ताराची.

तेव्हा वडाच्या चार नोंदी ठेवा. मूळ खोड ओळखता येत असेल तर त्याचा घेर, त्याला चिकटलेल्या पारंब्या वगळून. वगळणं शक्य नसेल तर ‘चिकटलेल्या पारंब्यांसह’ असं स्पष्ट लिहा. माझे पहिल्या दिवशीचे तीन आकडे म्हणजे नेमकं हेच होतं : नुसतं खोड, खोड आणि दोन पारंब्या, खोड आणि सगळ्या चिकटलेल्या पारंब्या. दुसरी नोंद, जमिनीत रुजलेल्या पारंब्यांची संख्या. तिसरी, त्यातल्या सर्वांत जाड पारंबीचा घेर. चौथी, विस्ताराचं क्षेत्रफळ.

मोजलेल्या पारंबीला खडूची टिकली लावत जा. नाहीतर चाळिसाव्या पारंबीला कुणीतरी चहा आणतं आणि परत एकपासून सुरुवात.

## ६. उंची

कोनमापकाच्या सरळ कडेला शरबताची नळी चिकटवा, मध्यबिंदूतून सूत सोडून नट बांधा. नळीतून शेंडा दिसेल इतकं मागे-पुढे व्हा. सूत ४५ अंशांवर आलं की थांबा. जमीन सपाट असेल तर तुमच्यापासून झाडापर्यंतचं अंतर अधिक तुमच्या डोळ्यांची उंची, म्हणजे झाडाची उंची.

पण ‘झाडापर्यंतचं’ म्हणजे कुठपर्यंत? पसरट झाडात खालून दिसणारा शेंडा बहुतेक वेळा खरा शेंडा नसतो, तुमच्या बाजूला पुढे आलेल्या फांदीचं टोक असतं. समजा तुम्ही बुंध्यापासून २० मीटरवर आहात, आणि दिसणारं टोक तुमच्यापासून फक्त १२ मीटरवर, डोळ्यांच्या वर ९ मीटर आहे. ते टोक बुंध्यावरच आहे असं धरून हिशेब केलात तर ९ च्या जागी १५ मीटर येतात. साडेदहा मीटरचं झाड साडेसोळाचं होतं! महापालिकेच्या रस्त्यांवरच्या वर्षावृक्षांच्या उंच्या लोक छातीठोक सांगतात, त्यात बऱ्याच अशाच असतात.

उपाय : ज्या टोकावर नेम धरलाय त्याच्या बरोबर खाली जमिनीवर वीट ठेवायला सोबत्याला सांगा, आणि अंतर त्या विटेपर्यंत मोजा. झाडाभोवती फिरून निदान तीन बाजूंनी बघा. कुणाकडे लेझरचं अंतरमापक असेल तर शेंड्यापर्यंतचं तिरकं अंतर आणि कोन घेऊन साइनचा हिशेब करा (तिरकं अंतर गुणिले कोनाचं साइन, अधिक डोळ्यांची उंची). त्यात ही चूक शिरत नाही. कललेल्या झाडाची उंची म्हणजे शेंड्यापासून जमिनीपर्यंतचा ओळंबा, खोडाची लांबी नव्हे.

## ७. विस्तार, आणि सोलापूरची एक सोय

गुणांसाठी सर्वांत रुंद विस्तार आणि त्याला काटकोनातला विस्तार, दोन्हींची सरासरी. फांदीच्या टोकाखाली उभं राहून ओळंबा धरायचा आणि वीट ठेवायची.

क्षेत्रफळासाठी बुंध्यापासून आठ दिशांना अंतरं घ्या. इथं एक हिशेबाची खोड आहे. आधी सरासरी काढून मग वर्ग करू नका, प्रत्येक अंतराचा वर्ग करून मग सरासरी काढा आणि ३.१४ नं गुणा. चारच दिशांचं उदाहरण : १२, ९, १५, ६ मीटर. बरोबर रीतीनं साधारण ३८१ चौरस मीटर येतात, चुकीच्या रीतीनं ३४६. झाड जितकं वेडंवाकडं, तितका हा फरक वाढतो.

आता सोय. सोलापूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो : मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला. मे महिन्यात तो क्षण दुपारी साडेबाराच्या थोडा आधी येतो. तेव्हा झाडाची सावली म्हणजेच त्याचा जमिनीवरचा खरा विस्तार. ओळंब्याची गरजच नाही, सावलीच्या कडेनं विटा ठेवत जायचं. शून्य सावलीच्या दिवसाला मागेपुढे एक-दोन दिवस चालतात, पण वेळ दहा मिनिटांपेक्षा जास्त चुकवू नका. तसंच ऊन बेचाळीस अंशांचं असतं, तेव्हा ताक घेऊन जा. ऑगस्टच्या सुरुवातीला ऊन सोसवतं, पण ढग नेमके त्याच वेळी येतात.

## ८. नोंद कशी लिहायची, कुठं द्यायची

प्रत्येक झाडाला एक पान. झाडाचं नाव, गाव, गट क्रमांक, जीपीएस, तारीख, मोजणाऱ्यांची नावं. घेर आणि तो ज्या उंचीवर घेतला ती उंची. ती १.३७ नसेल तर का नाही, ते एका ओळीत. उंची कुठल्या पद्धतीनं घेतली. फोटो दोन : एक पूर्ण झाडाचा, एक बुंध्यावर टेप लावलेला, शेजारी माणूस उभा. फोटोत टेप दिसत नसेल तर वर्षभरानं तुम्हालाच आठवत नाही.

शहरात नोंद महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे द्या. १९७५ च्या झाडं जपण्याच्या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनं ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलं आहे. तो कायदा शहरी भागापुरता आहे. घेरावरून वय ठोकून देऊ नका. विहिरीकाठचा कडुनिंब आणि मुरमाड माळावरचा कडुनिंब यांचा घेर सारखा असला तरी वयात दुपटीचा फरक असू शकतो. वयासाठी जुने फोटो, सातबारावरची झाडांची नोंद, गावातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी चालतात.

खेड्यात ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे जा. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे तिनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. ‘अशी वही आमच्याकडे नाही’ असं उत्तर मिळालं तरी अर्ज देऊन पोच घ्या.

माझा पहिला अर्ज एका कार्यालयातून परत आला होता. घेराच्या रकान्यात मी तीन आकडे लिहिले होते, आणि रकाना एकाच आकड्याचा होता. साहेब म्हणाले, “एक काय तो ठरवा.” दुसऱ्या वेळी मी रकान्यात नुसत्या खोडाचा ६.१० लिहिला, पुढे ‘मागे पाहा’ असं लिहिलं आणि अर्जाच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलनं वडाचं चित्र काढलं : खोड, चिकटलेल्या पारंब्या, सुताचा थर, आणि टेप जिथं जिथं लावला तिथं बाण. तो अर्ज घेतला गेला.